गाव कोण वसवतं?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग शिकलो आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. तरीही आज मी तुमच्याशी एका गावाबद्दल बोलणार आहे. गाव खूप लांब आहे, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात. वस्ती शंभराच्या आतबाहेर. तिथे वर्षाला साधारण १६० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडे एखाद्या मोठ्या दिवसात पडतो तेवढा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ॲडलेड या शहरापासून उत्तरेला सुमारे ६०० किलोमीटरवर दोन वाटा फुटतात. एक वायव्येला ऊडनडॅट्टाकडे जाते, दुसरी उत्तरेला क्वीन्सलंडमधल्या बर्ड्सव्हिलकडे. जिथे त्या फुटतात, तिथे हे गाव आहे. नाव आहे मरी. आपल्याला या नावानं मरीआई आठवेल, पण तिचा इथे काही संबंध नाही.

या गावाबद्दल का बोलायचं? आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एक प्रश्न अनेकदा विचारला जातो. "तुमचं मराठी छान आहे हो. पण तुम्ही मूळचे कुठले?" उत्तर द्यावं की "सोलापूरचे", "मिरजेचे", "खेडचे". समोरचा म्हणतो, "ते झालं, पण मूळचे?" या 'मूळचे'चं काय करायचं, हे आपल्याला पटकन सुचत नाही. काही जण चिडतात, काही जण आपली सात पिढ्यांची वंशावळ सांगत बसतात. मला वाटतं, या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तो प्रश्नच नीट तपासला पाहिजे. एखाद्या जागेचं मूळ म्हणजे नेमकं काय? ती कुणी वसवली, हे कसं ठरवायचं? आपल्या गावाबद्दल बोलताना राग, अभिमान, दुखणं सगळं मध्ये येतं. म्हणून जरा लांबचं गाव घेऊ. तिथे डोकं थंड ठेवून बघता येईल.

सुरुवात पाण्यापासून करू.

ऑस्ट्रेलियाच्या साधारण पाचव्या हिश्श्याखाली पाण्याचा एक प्रचंड साठा आहे. त्याला ग्रेट आर्टेशियन बेसिन म्हणतात. १७ लाख चौरस किलोमीटरचा हा विस्तार आहे. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेलं पावसाचं पाणी सच्छिद्र दगडात मुरतं आणि वरच्या-खालच्या घट्ट थरांमध्ये कोंडून अतिशय मंद गतीनं सरकत राहतं. त्यातलं काही पाणी लाखो वर्षांपूर्वीचं आहे. या साठ्याच्या कडेला, जिथे वरचा थर पातळ होतो किंवा तडकतो, तिथे दाबामुळे पाणी आपोआप वर येतं. असे झरे मरीपासून वायव्येला एका कमानीसारखे पसरलेले आहेत. नकाशावर पाहिले तर कुणीतरी वाळवंटात पाणपोयांची रांग मांडून ठेवली आहे असं वाटतं.

ही रांग कुणाला माहीत होती? अराबाना, दियेरी, कुयानी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना. हजारो वर्षं ते या झऱ्यांच्या आधारानं राहत आणि फिरत होते. त्यांच्या वाटा व्यापाराच्याही होत्या. दक्षिणेला फ्लिंडर्स डोंगररांगेत लाल गेरूची खाण होती. तो गेरू आणायला दियेरी लोकांचे जथे शेकडो किलोमीटर चालत जात. उत्तरेकडून पितुरी नावाची चघळायची वनस्पती खाली येई. म्हणजे प्रवासी, वाट, मुक्काम आणि पाणी हे सगळं आधीपासून होतं. कागद तेवढा नव्हता.

कागद १८५९ साली आला. जॉन मॅकडुअल स्टुअर्ट नावाचा स्कॉटिश प्रवासी मोहीम घेऊन इथून गेला. त्याच्यासोबतच्या हर्गॉट नावाच्या जर्मन माणसाला इथले झरे दिसले आणि स्टुअर्टनं त्यांना 'हर्गॉट स्प्रिंग्ज' असं नाव दिलं. पुस्तकात लिहिलं गेलं की झरे 'सापडले'. ज्याला ते कधी हरवलेच नव्हते, त्याचं नाव त्या पानावर नाही.

पुढचा भाग इंजिनिअर म्हणून मला फार आवडतो. १८७० ते १८७२ या काळात दक्षिण किनाऱ्यापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत तारायंत्राची लाइन टाकली गेली. सुमारे ३,२०० किलोमीटर. तिच्यामुळे ऑस्ट्रेलिया समुद्राखालच्या केबलनं लंडनशी जोडला गेला. या भागात ती लाइन झऱ्यांच्या रांगेच्या आधारानं गेली, कारण खांब रोवणाऱ्या माणसांना पाणी लागतं. मग रेल्वे आली. तीही त्याच रांगेनं गेली, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतं. फेब्रुवारी १८८४ मध्ये रूळ हर्गॉट स्प्रिंग्जला पोचले. गावाची आखणी त्याच्या आदल्या वर्षीची, १८८३ ची. सरकारी हिशेबात गावाचा जन्म तेव्हाचा. पण मार्ग आखणाऱ्यांनी जो मार्ग निवडला, तो गेरू आणायला जाणाऱ्या माणसांच्या पायांनी कधीच आखून ठेवला होता. आमच्या क्षेत्रात जुन्या प्रणालीवर नवी प्रणाली उभी राहते आणि वापरणाऱ्याला फक्त वरचा थर दिसतो. तसंच हे आहे.

आता उंट.

वसाहतकाळातल्या ऑस्ट्रेलियात ओझं वाहायला घोडे आणि बैल होते. दोघांनाही रोज भरपूर पाणी आणि चारा हवा. वाळवंटात चार-पाच दिवस पाणी मिळालं नाही तर गाडी तिथेच थांबे. उंट तेवढे दिवस सहज काढतो, काटेरी झुडपं खातो आणि एकेक धट्टाकट्टा नर तीन-चारशे किलो ओझं वाहतो. पण उंट म्हणजे केवळ जनावर नव्हे. त्याला वेसण कशी घालायची, पाठीच्या ठेवणीप्रमाणे पालाण कसं भरायचं, ओझं दोन्ही बाजूंना कसं तोलायचं, खरूज झाली तर काय लावायचं, माजावर आलेल्या नराला कसं आवरायचं, हे ज्ञान लागतं. ते ज्ञान इंग्रज वसाहतवाल्यांकडे नव्हतं. म्हणून उंटांबरोबर माणसं आणावी लागली.

ती कुठून आली? बहुतेक जहाजं सुटली कराचीहून. आणि हे लक्षात घ्या, तेव्हा कराची हे शहर आणि सगळा सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच राहिला. म्हणजे ज्या इलाख्यात पुणे, रत्नागिरी, धारवाड येत, त्याच इलाख्याच्या बंदरातून हे लोक गेले. आपला आणि या कहाणीचा खराखुरा धागा एवढाच. तो ताणून मोठा करायची गरज नाही.

१८६० साली बर्क आणि विल्स यांच्या प्रसिद्ध मोहिमेसाठी दोन डझन उंट आणि काही उंटवाले आणले गेले. १८६६ साली टॉमस एल्डर या धनाढ्य व्यापाऱ्यासाठी शंभरावर उंट आणि ३१ माणसं कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरली. एल्डरनं मरीच्या दक्षिणेला बेल्टाना इथे उंटांची पैदास सुरू केली. पुढच्या पाच-सहा दशकांत दोन ते चार हजार उंटवाले आणि हजारो उंट ऑस्ट्रेलियात आले असा अंदाज आहे. माणसं बहुधा तीन वर्षांच्या करारावर येत, एकटी येत. बायकामुलं मागे गावी राहत.

त्यांना तिथे एकच नाव मिळालं. अफगाण. थोडक्यात 'घान'. प्रत्यक्षात त्यांत पश्तून होते, बलुची होते, सिंधी आणि पंजाबी होते. त्यांच्या भाषा वेगळ्या, पेहराव वेगळे, आपसातले हेवेदावेही वेगळे. बहुसंख्य मुस्लिम होते, पण काही शीख आणि हिंदूही होते. बर्क-विल्स मोहिमेतला साम्ला हा हिंदू होता. मोहिमेतलं मांस खाणं त्याला जमेना, म्हणून तो लवकरच परत फिरला. पण नोंदवहीत सगळे एकाच रकान्यात. आपल्याला हे फार ओळखीचं वाटेल. कोकणी, दखनी, बागवान, तांबोळी, मोमीन, मन्यार, सगळे भेद आपल्या घरात आपल्याला पक्के माहीत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एकच डबा दिसतो, त्यावर एकच चिठ्ठी.

रेल्वे आली म्हणजे उंटांचं काम संपलं असेल, असं वाटेल. झालं उलट. रूळ जिथे संपतात, तिथून पुढे माल कोण नेणार? मरी हे रुळांचं टोक झालं. आगगाडीतून उतरलेलं पीठ, चहा, साखर, छपराचे पत्रे, कुंपणाची तार उंटांवर चढे आणि शेकडो किलोमीटर दूरच्या मेंढीपालनाच्या वाड्यांवर, खाणींवर, पोलीस चौक्यांवर जाई. परत येताना लोकरीचे गठ्ठे येत. एका उंटाच्या वेसणीची दोरी पुढच्या उंटाला, अशी लांबच लांब रांग निघे. ऊडनडॅट्टाला रूळ पोचले १८९१ मध्ये आणि ॲलिस स्प्रिंग्जला १९२९ मध्ये. मधली ३८ वर्षं रेल्वे ऊडनडॅट्टालाच थांबलेली होती. त्या पुढच्या सगळ्या ऑस्ट्रेलियाला उंटवाल्यांनी जेवू घातलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

बर्ड्सव्हिलची वाट पाचशेहून अधिक किलोमीटरची. त्या वाटेनं क्वीन्सलंडची गुरं कळपाकळपांनी चालत मरीच्या स्टेशनावर येत आणि डब्यात चढून ॲडलेडच्या बाजारात जात. गुरांसाठी सरकारनं वाटेवर ठिकठिकाणी खोल कूपनलिका खोदल्या. बेसिनचं तेच जुनं पाणी, पण आता उकळत्यासारखं गरम, लोखंडी नळातून वर येणारं. उंटवाला, गुराखी, तार खात्याचा माणूस, टपालवाला, सगळ्यांचा मुक्काम मरीला. आपल्या भाषेत सांगायचं तर ती एक सराई होती. फक्त कुठल्या बादशहानं बांधलेली नव्हती.

आता या सराईचा नकाशा डोळ्यासमोर आणा. गावाच्या मधून रूळ गेलेले. एका बाजूला स्टेशन, १८८३ सालचं दुमजली हॉटेल, पोलीस, गोऱ्यांची घरं. दुसऱ्या बाजूला 'घानटाउन': पत्र्याची घरं, उंटांचे गोठे, पालाणांचे ढीग, खजुराची झाडं. तिथेच मातीची एक साधी मशीद होती. वर गवती छप्पर आणि समोर वजूसाठी पाण्याचा छोटा हौद. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात जुन्या मशिदींत तिची गणना होते. आणि घानटाउनच्याही पलीकडे, गावाच्या अगदी कडेला, मूळ रहिवाशांच्या झोपड्या. ज्यांचे झरे, ते सगळ्यात शेवटी. गावच्या कबरस्तानातही हेच तीन भाग आहेत. एक गोऱ्यांचा, एक अफगाणांचा, एक मूळ रहिवाशांचा.

ही रेषा वाळवंटानं आखलेली नव्हती. वाळवंटात तहान सगळ्यांना सारखीच लागते. मोहिमेवर गेलेला गोरा साहेब आणि उंटवाला एकाच पिशवीतलं पाणी पीत. गावात परत आले की एक रुळांच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला.

दरवेश बेजा या माणसाचं उदाहरण घ्या. तो बलुची होता, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत नोकरी केलेला, १८९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आलेला. १८९६ साली लॉरेन्स वेल्स यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात 'काल्व्हर्ट मोहीम' गेली. मोहिमेतले दोन गोरे तरुण तहानेनं मेले. बाकीचे वाचले, त्यात बेजानं उंट सांभाळण्याचा मोठा वाटा होता. वेल्सनं एका टेकडीला बेजाचं नाव दिलं आणि आपलं होकायंत्र त्याला भेट दिलं. पुढे बेजा मरीला राहिला, तिथेच त्यानं संसार थाटला. त्याचा मुलगा जॅक १९३९ साली सिसिल मॅडिगन यांच्यासोबत उंट घेऊन सिम्प्सन वाळवंट पार करून गेला. बेजा १९५७ मध्ये वारला. नव्वदी पार केलेला, साठ-सत्तर वर्षं त्या देशात काढलेला माणूस. आता विचारा, हा मूळचा कुठला?

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं होतं. १९०१ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन नवा देश झाला. त्या देशानं पहिल्याच वर्षी स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यात 'श्रुतलेखन चाचणी' होती. अधिकारी युरोपातल्या कुठल्याही भाषेत ५० शब्द वाचणार, ते लिहून दाखवायचे. कुठली भाषा, हे अधिकारी ठरवणार. त्यामुळे नको असलेला माणूस हमखास नापास होई. कायद्यात कुठेही रंगाचा उल्लेख करायची गरजच पडली नाही. १९०२ च्या मताधिकार कायद्यानं गोऱ्या स्त्रियांना मत दिलं. जगाच्या दृष्टीनं ते मोठं पाऊल होतं. पण त्याच कायद्यानं ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना, आशियाई आणि आफ्रिकी लोकांना मतदानातून वगळलं. आधी एखाद्या राज्याच्या मतदारयादीत नाव असेल तेवढीच सूट. १९०३ च्या कायद्यानं आशियाई माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करण्याचाच मार्ग बंद केला. कराचीचा माणूस कागदोपत्री ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन होता, ॲडलेडचा गोराही त्याच बादशहाचा प्रजाजन. पण एकाला देश मिळाला, दुसऱ्याला दाखला.

दाखला कसला? ज्या उंटवाल्याला आईबापांना भेटायला किंवा हजला जायचं असेल, त्यानं परतताना पुन्हा चाचणी द्यावी लागू नये म्हणून सुटीचं प्रमाणपत्र काढायचं. त्यावर त्याचा समोरून आणि बाजूनं काढलेला फोटो आणि पंजाचा ठसा. हे कागद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेले आहेत. आणि गंमत पाहा. ज्या माणसांना हाकलून लावणं सोपं जावं म्हणून हे कागद केले, त्यांचे चेहरे आज त्या कागदांमुळेच आपल्याला दिसतात. पागोटं, दाढी, रापलेली कातडी आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे डोळे.

दुसरा घाव मोटारीनं घातला. पहिल्या महायुद्धानंतर ट्रक आले. उंटवाल्यांनी ज्या रुळांचं, ज्या खांबांचं, ज्या कूपनलिकांचं सामान पाठीवरून वाहिलं, त्यांनीच हळूहळू त्यांचा धंदा संपवला. तुम्ही-मी ज्या क्षेत्रांत काम करतो, तिथेही हे घडतंय, हे वेगळं सांगायला नको. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियानं उंटांच्या नाशाचा कायदाच केला. मोकाट फिरणारा उंट दिसला तर गोळी घालण्याची मुभा मिळाली. पुष्कळ उंटवाल्यांनी आपल्या हातानं आपले उंट मारण्याऐवजी त्यांना वाळवंटात सोडून दिलं. त्या उंटांची संख्या पुढे लाखांत गेली. २००९ ते २०१३ या काळात सरकारनं सुमारे १,६०,००० उंट मारले. ज्यांना एकेकाळी जहाजानं आणलं, त्यांना हेलिकॉप्टरमधून गोळ्या.

काही उंटवाले मायदेशी गेले. काही मागेच राहिले. त्यातल्या अनेकांनी मूळ रहिवासी स्त्रियांशी, काहींनी गोऱ्या स्त्रियांशी लग्नं केली. या बायकांबद्दल आपण नेहमी कमी बोलतो. नवरा महिनोन्‌महिने तांड्याबरोबर दूर, घरात मुलं, शेळ्या आणि दोन-तीन भाषा. मुलांना ना गोऱ्यांनी आपलं म्हटलं, ना कायद्यानं. तरीही मरीच्या कहाण्या आज शिल्लक आहेत त्या याच कुटुंबांमुळे. त्यांचे वारस आज एकाच वेळी अराबाना किंवा दियेरी, बलुची किंवा पंजाबी, आणि ऑस्ट्रेलियन आहेत. त्यांना 'मूळचे कुठले' विचारलं तर उत्तर एका शब्दात येणार नाही. ते यावं, असा हट्ट आपण का धरायचा?

गावाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं पुसण्याची लाट आली आणि हर्गॉट हे नाव गेलं. मरी राहिलं. म्हणजे ज्यानं झरे 'शोधले', तोही एके दिवशी परका ठरला. हे यंत्र एकदा सुरू केलं की कुणावर थांबेल, सांगता येत नाही. १९५७ मध्ये दक्षिणेकडून रुंद रूळ मरीपर्यंत आले. पुढचे रूळ अरुंदच होते, त्यामुळे प्रवासी आणि माल इथे गाडी बदलत. हमालांना काम मिळालं, गावाला थोडे बरे दिवस आले. १९८० मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला जाणारी नवी लाइन बरीच पश्चिमेकडून टाकली गेली आणि मरीच्या उत्तरेचे जुने रूळ बंद झाले. १९८७ मध्ये दक्षिणेचेही झाले. आज ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या आलिशान गाडीचं नाव आहे 'द घान'. तिच्या बोधचिन्हात उंट आणि उंटवाला आहे. ती गाडी मरीला जात नाही.

मशीदही मातीला मिळाली. अलीकडे तिची एक प्रतिकृती बांधली आहे. येणारे-जाणारे थांबतात, फोटो काढतात, पेट्रोल भरतात आणि पुढे निघतात. म्हणजे गाव अजूनही विसाव्याचंच आहे.

आता आपल्यासाठी यात काय आहे?

या कहाणीतून दोन सोप्या गोष्टी सहज तयार करता येतात आणि दोन्ही व्हॉट्सॲपवर छान चालतील. पहिली गौरवाची: "ऑस्ट्रेलिया मुस्लिमांनी घडवला." दुसरी रडण्याची: "बघा, जगात सगळीकडे आपल्यावर अन्यायच." मी तुम्हाला विनंती करतो, या दोन्ही टाळा.

गौरवाची गोष्ट का टाळायची? कारण ती सांगताना आपण तेच करतो जे स्टुअर्टच्या मोहिमेनं केलं. झऱ्यांच्या आधीच्या मालकांना आपण पानावरून उडवतो. उंटवाले कष्टाळू होते, शूर होते. पण ज्या वसाहतीचं ओझं ते वाहत होते, ती वसाहत अराबाना आणि दियेरी लोकांची जमीन गिळत होती. उंटवाल्यांमध्येही सगळे सारखे नव्हते. शेकडो उंटांचे मालक होते आणि त्यांच्याकडे करारावर राबणारे गरीब होते. पहिली मशीद मरीची की दुसऱ्या गावची, यावर लोक हिरिरीनं वाद घालतात. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. पहिलं कोण, याचं उत्तर शोधत मागे गेलात तर शेवटी झऱ्याकाठी गेरूची पिशवी घेऊन बसलेला माणूस भेटतो. आणि तो काही आपल्या यादीतला नसतो.

रडण्याची गोष्ट का टाळायची? कारण अन्याय खरा असला, तरी या माणसांचं आयुष्य म्हणजे फक्त अन्याय नव्हे. त्यांनी वाटा शिकल्या, नव्या भाषा शिकल्या, कज्जे लढले, झाडं लावली, मुलं वाढवली. १८८८-८९ मध्ये ॲडलेडला उंटवाल्यांनी बांधलेली दगडी मशीद आजही वापरात आहे. त्यांना फक्त बळी म्हणणं म्हणजे त्यांचं काम दुसऱ्यांदा पुसणं.

मग तिसरी गोष्ट कोणती? माझ्या मते ती अशी. गाव कुणी एकानं वसवलेलं नसतं. ते थरांनी बनतं. पाणी जपणारा, वाट पाडणारा, ओझं वाहणारा, भाकरी थापणारी, रूळ टाकणारा, आणि शेवटी पाटी लावणारा. पाटी लावणारा स्वतःला संस्थापक म्हणवतो, कारण कागद त्याच्या हातात असतो. म्हणून नागरिकत्वाचा प्रश्न 'आधी कोण आलं' या पायावर उभा करणं धोक्याचं आहे. तो पाया धरला तर ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनाही जागा उरत नाही, अफगाणांनाही नाही. आणि 'आमच्या पूर्वजांनी अमुक बांधलं, म्हणून आम्हाला हक्क' असं म्हणणंही मला पुरेसं वाटत नाही. ज्याच्या पूर्वजांनी काहीच बांधलं नाही, त्याचा हक्क कमी का? आपल्या संविधानात नागरिकाला पूर्वजांची कामगिरी विचारलेली नाही. हक्क माणूस म्हणून आणि नागरिक म्हणून आहेत. इतिहास हक्क मागण्याची पावती म्हणून नको, एकमेकांना नीट ओळखण्यासाठी हवा.

मूळ रहिवाशांच्या बाबतीतही गोष्ट थांबलेली नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानं काटी थांडा, म्हणजे लेक आयर, आणि त्याभोवतालच्या भूभागावरचा अराबाना लोकांचा पारंपरिक हक्क मान्य केला. हक्क मिळवायला त्यांना काय उपयोगी पडलं? झऱ्यांची नावं, वाटांच्या गोष्टी, वंशावळी, म्हाताऱ्यांनी पाठ ठेवलेली माहिती. अफगाण उंटवाल्यांच्या बाबतीतही संशोधकांनी स्मशानं, जहाजांच्या याद्या, ते पंजाचे ठसे आणि घरोघरच्या आठवणी चाळून एक हजाराहून अधिक उंटवाल्यांची नावानिशी यादी तयार केली. 'घान' या एका शब्दातून एकेक माणूस पुन्हा बाहेर काढला.

म्हणून शेवटी एक काम सांगतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती ओळ कुणी, कधी, का लिहिली, याची नोंद आपोआप राहते. गावांची आणि मोहल्ल्यांची नोंद अशी आपोआप राहत नाही. ती कुणीतरी बसून करावी लागते. घरी गेल्यावर आपल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ फोन ठेवा आणि विचारा. पूर्वज कुठून आले, हे नका विचारू. विचारा, की काम काय करायचात? माल कुठून यायचा? पाणी कुठून भरायचात? त्या वाटेवर तुमच्या आधी कोण होतं? शेजारी कोण होतं? उत्तर मराठीत येईल, दखनीत येईल, कोकणीत येईल. जसं येईल तसं उतरवा. त्यात आपल्या लोकांच्या चुकाही येतील, त्याही राहू द्या. आणि शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यालाही हेच विचारा, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की गावाचा नकाशा पुरा होऊ लागेल.

त्यानंतर कुणी विचारलं की "मूळचे कुठले?", तर चिडू नका. त्याला बसवा, चहा पाजा आणि म्हणा, "आपल्या गावाचंच मूळ शोधतोय. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आहे का?"